देव मोठा आहे हे आकाश सांगतं. तो काळजी घेतो हे कुठे दिसतं?

पैनगंगा

यंदाच्या सप्ताहात एका महाराजांनी कीर्तनात आकाश घेतलं. आकाशगंगेत निदान दहा हजार कोटी तारे, व्याधाचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला साडेआठ वर्षं, देवयानीतल्या त्या पुसट ठिपक्याचा उजेड तर २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. हे सगळं ज्याने मांडलं तो केवढा असेल! मांडवात गजर झाला, मीही टाळ्या वाजवल्या. पुढे महाराज म्हणाले, गुरू हा ग्रह देवाने आपला राखणदार म्हणून बसवलाय, बाहेरून येणारे धोंडे तो स्वतःच्या अंगावर घेतो. तिथे मात्र माझे हात थांबले. मांडवापासून गाडीने तासाभरावर लोणार आहे. राखणदाराची नजर चुकवून एक धोंडा तिथे येऊन पडला आणि काळ्या बेसाल्टमध्ये १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल खड्डा करून गेला.

लोणारची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. लवणासुर नावाचा दैत्य तिथे जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने त्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, त्यातला खार म्हणजे त्याचं कुजलेलं मांस. गावात दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आहे, विवराच्या काठावर आणि आतही देवळं आहेत, खाली पाण्याजवळ कमळजा देवी. मला या कथेतली एक गोष्ट फार विचारात पाडते. जिथे वरून एवढा आघात झाला, तिथे लोकांनी आघात करणारा देव मानला आणि मार खाणारा दैत्य. म्हणजे तो खड्डा पाहूनसुद्धा त्यांना वरचा आपल्या बाजूचा वाटला.

आता माझं म्हणणं. आकाश बघून देव मोठा आहे हे पटायला फारसं काही लागत नाही. अमावस्येच्या रात्री गावाबाहेर जाऊन मान वर केली की झालं. पण मोठेपण आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कीर्तनांत, प्रवचनांत, व्हॉट्सअॅपवर त्या सर्रास एकत्र कालवल्या जातात. उलट मोठेपणाने माझी भीतीच वाढते. जो एवढा मोठा, त्याच्या हिशेबात आमचा मेहकर तालुका कुठे येणार?

मला काळजी दिसते ती नेमात. आपल्या महिन्यांचंच बघा. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ आला की चैत्र, विशाखेजवळ वैशाख, कृत्तिकांजवळ कार्तिक, मृगशीर्षाजवळ मार्गशीर्ष. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही वर बघून महिना कळत होता. राजा बदलला, दुष्काळ पडला, साथ आली, तरी कृत्तिका आपल्या वेळेला उगवल्या. इतकं भरवशाचं काहीतरी प्रत्येकाच्या डोक्यावर फुकट टांगून ठेवणं, याला मी काळजी म्हणते.

तुम्हाला काय दिसतं? एक विनंती, देव आहे की नाही याचा आखाडा इथे नको. त्यासाठी दोन धागे आधीच धगधगतायत.

दुर्बीणवाला

लेख आवडला. मी देव मानत नाही, पण आखाड्यात उतरत नाही, फक्त माहितीपुरतं लिहितो.

गुरूच्या राखणदारीची गोष्ट अर्धीच खरी आहे. १९९४च्या जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे वीसेक तुकडे एकामागोमाग एक गुरूवर आदळले, ते साऱ्या जगाने दुर्बिणीतून पाहिलं. तेव्हापासून ही कल्पना फार पसरली. पण गुरूचं गुरुत्वाकर्षण जसं काही धोंडे गिळतं किंवा सूर्यमालेबाहेर फेकतं, तसंच ते काहींची वाट वाकवून त्यांना आतल्या बाजूला, म्हणजे आपल्याकडेही पाठवतं. संगणकावर हे मांडून पाहणाऱ्यांना गुरू सरळसरळ ढाल आहे असं काही आढळलं नाही.

चंद्राचा दाखला त्यापेक्षा बराच भक्कम आहे. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललाय आणि तो फार डगमगत नाही, त्यात चंद्राचा मोठा वाटा आहे. मंगळाला एवढा मोठा चंद्र नाही, त्याचा कल लाखो वर्षांत प्रचंड कमीजास्त होत आलाय. आपले ऋतू ठिकाणावर आहेत ते बऱ्याच अंशी चंद्रामुळे. महाराजांना पुढच्या वेळी हे सुचवा. सोबत हेही सांगा की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब चाललाय.

लोणारबद्दल एक. अलीकडच्या कालमापनात ते विवर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचं निघालंय, आधी ५० हजार वर्षं धरत असत. म्हणजे धोंडा पडताना बघायला आपल्या जातीचा माणूस पृथ्वीवर नव्हता. लवणासुराची कथा रचणाऱ्यांनी आघात पाहिलेला नाही, फक्त खारं पाणी आणि खड्डा पाहिलाय.

पैनगंगा

@दुर्बीणवाला, चंद्राचं लक्षात ठेवते. आणि कथा रचणाऱ्यांनी आघात पाहिला असं मलाही म्हणायचं नाही. खड्डा नुसता पाहूनही त्यांना वाटलं की इथे काहीतरी भयंकर घडलं आणि ते आपल्या भल्यासाठी घडलं. हा कल माणसात येतो कुठून?

दुर्बीणवाला

भीतीतून. (हे आखाड्यात धरू नये.)

बांधावरून

आमच्याकडं आठवड्यातले काही दिवस शेतीची लाईट रात्रीचीच. उसाला पाणी द्यायला अकरा वाजता जायचं आणि पहाटेपर्यंत दारं धरायची, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत राहायचं. त्यामुळं इथल्या कुठल्याही माणसापेक्षा आकाश माझ्या जास्त नजरंखाली असावं. पण खरं सांगू का, दारं धरताना नजर वर कमी आणि पायाखाली जास्त असते. सरीत घोणस आहे का बघायचं का कृत्तिका मोजायच्या?

तरीपण ताईंचं ते नेमाचं बोलणं पटलं. माझा आजा घड्याळ वापरत नव्हता. कार्तिकात तिकांडं, म्हणजे मृगातले ते ओळीतले तीन तारे, डोक्यावर आलं की दोन वाजायला आले, पौषात तिकांडं मावळतीला टेकलं की चार झाले. मी मोबाईलवर ताडून बघितलंय, पंधरावीस मिनिटांचा फरक सोडला तर बरोबर येतं. लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, मोटर कधी जळंल सांगता येत नाही, पण तिकांडं एकदाही उशिरा आलं नाही. त्यामागं देव हाय का नाय ते मला कळत नाही. पण रातच्याला एकट्यानं पाणी पाजताना वर कोणतरी ड्युटीवर हाय असं वाटतं एवढं मात्र खरं.

अवांतर: सप्तर्षीला आमची आजी खाटलं म्हणायची. चार ठिकाणी चार पाय, मागचे तीन चोर. म्हातारीचं खाटलं पळवतायत म्हणे. कधीच पुरं पळवत नाहीत, रात्रभर गोल गोल फिरवतायत.

सिल्लारी

@बांधावरून, खाटल्याची गोष्ट आमच्या विदर्भातही आहे. गोंडांच्या आकाशाचा अभ्यास मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी केलाय, त्यातही सप्तर्षी म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती चोरणारे. म्हणजे ऋषींच्या पंगतीला बसवण्याआधी लोकांनी तिथे घरातली वस्तू पाहिली होती.

ज्यांना हे सगळं नीट बघायचं असेल त्यांनी पेंचला जावं. आपल्याकडच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातला पहिला. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली पडेल असे लावले गेले. नागपुरात मोजून पन्नास तारे दिसायची मारामार, तिथे उघड्या डोळ्यांनी एका वेळी दोन हजारांच्या वर दिसतात. लाल कागद लावलेली बॅटरी न्या, मोबाईल खिशात ठेवा, डोळे सरावायला निदान वीस मिनिटं द्या. चंद्राची तिथी बघून जा, पौर्णिमेला जाऊन हिरमुसणारे बरेच असतात.

आणि वरून पडणाऱ्या गोष्टींबद्दल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळत्या वस्तूंची एक रांगच्या रांग गेली, विदर्भात लाखो लोकांनी पाहिली. आमच्या गल्लीत कुणी हात जोडले, कुणी मोबाईल काढला, एका काकूंनी दोन्ही केलं. पाडव्याला शुभशकुन झाला असं ठरलंही. मग बातमी आली, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलंय. रॉकेटचे अवशेष होते. कुणाच्या डोक्यात पडलं नाही, हीच काय ती देवाची काळजी म्हणायची.

वसईकर

आमच्याकडे चर्चमध्ये हा विषय दाविदाच्या आठव्या स्तोत्रापासून निघतो, म्हणून लिहितोय. दावीद राजा व्हायच्या आधी मेंढपाळ होता. रात्री कळप राखताना आकाशाखाली झोपणारा माणूस. त्या स्तोत्रात तो चंद्र-तारे बघतो आणि देवाला विचारतो, की हे सगळं तू केलंस, मग माणसाची आठवण तू कशाला ठेवतोस?

लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यात एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. आकाश बघून त्याने असं म्हटलेलं नाही की बघा, देवाने माझ्यासाठी किती सोय केली. त्याला नवल वाटतं ते उलट गोष्टीचं. एवढा पसारा असताना मी लक्षात राहिलो कसा? काळजीचा पुरावा तो ताऱ्यांत शोधत नाही. तारे बघून त्याला फक्त हे कळतं की ही काळजी हक्काची नाही.

त्यामुळे पैनगंगाताई, मेहकर तालुका हिशेबात कुठे येणार, हा तुमचा प्रश्न मला धाग्यातला सगळ्यात भक्तिभावाचा वाटला. नेमाच्या मुद्द्यापेक्षाही. नेम तर घड्याळालाही असतो.

पैनगंगा

@वसईकर, ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. पण घड्याळाचं म्हणाल तर घड्याळ कुणीतरी कुणासाठी तरी लावतं. ज्या घरात कुणाला कुठे वेळेवर पोचायचं नाही तिथे ते बंदच असतं.

भिंग

+१ वसईकर.

यारा_काठ

मी गेली अनेक वर्षं मेलबर्नला आहे. इथून एक वेगळीच अडचण मांडते.

लहानपणी आजीकडून ऐकलेली आकाशातली सगळ्यात मायेची गोष्ट म्हणजे ध्रुवाची. बापाच्या मांडीवर बसायला गेलेलं पोर, सावत्र आईने ओढून खाली उतरवलं, बाप गप्प बसला. पोर रानात गेलं, आणि देवाने त्याला अशी जागा दिली की जिथून कुणी उठवणार नाही. काळजी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? पैठणच्या घरी गच्चीवर झोपताना आजी रोज तो तारा दाखवायची.

इथे तो दिसत नाही. कधीच नाही, क्षितिजाखाली आहे. मृग दिसतो पण उलटा, व्याध वर आणि बाण खाली अशी कसरत. आणि ध्रुवाच्या जागी, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडे, ठळक तारा नाहीच. दिशा शोधायला त्रिशंकू या तारकासमूहाचा आधार घ्यावा लागतो. आता त्रिशंकू कोण? सदेह स्वर्गात जायला निघालेला, ज्याला देवांनी दारातून खाली ढकललं आणि विश्वामित्राने हट्टाने मध्येच अडकवून ठेवलं, तो. म्हणजे उत्तरेला देवाने जागा दिलेला आणि दक्षिणेला देवांनी हाकललेला. माझ्या मुलीला मी कुठली गोष्ट सांगू? तिच्या आकाशात दुसरीच आहे.

दुर्बीणवाला

@यारा_काठ, प्रतिसाद जबरदस्त. थोडी भर. तुमच्या पैठणहून त्रिशंकूही दिसतो, एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला, हात लांब धरून मोजलं तर क्षितिजापासून जेमतेम एक मूठ वर. आणि ध्रुव साधारण दोन मुठी वर, कारण ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. म्हणजे महाराष्ट्रातून दोघेही दिसतात, दोघेही खाली टेकलेले.

आणि ते अढळपद अढळ नाही हे सांगणं माझं कर्तव्य आहे. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळ कालेय तारकासमूहातला दुसराच तारा होता, आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित तिथे जवळपास असेल.

याच कारणाने पैनगंगाताईंचा नेमही सरकतो. सूर्य मृगात येतो ७-८ जूनला, म्हणून मृगाचा पाऊस. पण नक्षत्रांची ही तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. अजून दोन हजार वर्षांनी मृग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल आणि पावसाचा मृगाशी संबंध तुटलेला असेल. शिवाय ज्या दिवसांत आपण मृगाच्या नावाने पेरतो, त्या दिवसांत मृग दिसतच नाही. सूर्य तिथे असल्याने तो दिवसा उगवतो.

बांधावरून

दोन हजार वर्षांनी मृग सरकंल म्हणून आज पेरायचं थांबवू का काय?

बियाणं, खतं, वायदा, सगळं ह्याच वर्षाचं हाय दादा.

दुर्बीणवाला

@बांधावरून 😀 मान्य.

तांडेलाची_नात

रत्नागिरीजवळची. आमच्याकडे आकाशाचा खरा उपयोग अगस्त्य ताऱ्याचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा सरकारी नियम अलीकडचा, पण पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायची रीत जुनी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा, मग पहाटे दक्षिणेला अगस्त्य कधी दिसतो याची वाट. तो दिसला की पाऊस सरत आला, पाणी निवळायला लागलं. कथा तीच, ऋषीने समुद्र प्राशन केला. आजोबा म्हणायचे, अगस्त्य उगवला की समुद्राला दरारा बसतो.

आता सगळ्यांकडे जीपीएस आहे, मासे शोधायचं यंत्र आहे. अगस्त्य कुठे हे नव्या पोरांना विचारलं तर यूट्यूबवर शोधतील. तरी पहिल्या फेरीला निघताना घरातली बाई दर्याला हात जोडते आणि मग आपोआप वरही बघते. माझी आईही बघते. काय बघते विचारलं तर म्हणाली, ढग.

मला वाटतं देवाची काळजी म्हणजे तुम्ही बुडणार नाही असा करार नव्हे. आमच्या घरातला एक माणूस समुद्रातून परत आलेला नाही. त्या रात्री आकाश स्वच्छ होतं. त्यामुळे आकाश स्वच्छ म्हणजे देव प्रसन्न, असं कुणी म्हटलं की मी उठून जाते. पण त्याच आकाशाच्या आधाराने बाकीचे तिघे घरी आले, यंत्र बंद पडलेलं असताना. दोन्ही खरं आहे. यातलं एकच सांगणारा माणूस मला खोटा वाटतो, मग तो कीर्तनकार असो की नास्तिक.

भिंग

@तांडेलाची_नात, काय बोलावं कळत नाही. लिहिल्याबद्दल आभार.

कोपीतला

बराच वेळ वाचतोय. लिहावं की नको चाललं होतं.

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या पडायच्या, पार उन्हाळ्यापर्यंत. माझं निम्मं बालपण कोपीत. पाचटाची भिंत, वर ताडपत्री, तीही फाटकी. पहाटे तीनला आई उठायची, भाकरी थापायची, बाप बैल जुंपायचा. मी धाकट्या बहिणीला घेऊन गाडीत. गाडीवर पडून जे आकाश मी पाहिलंय ते पेंचला पैसे भरून बघणाऱ्यालाही दिसणार नाही. थंडीत कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध, सगळे मला तोंडपाठ होते. नावं नंतर शाळेत कळली.

इथे सगळे म्हणतायत आकाश फुकट आहे, सगळ्यांच्या डोक्यावर आहे. ते ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं त्यांच्याच डोक्यावर जास्त होतं. याला देवाची काळजी म्हणायचं का? म्हणत असाल तर त्या काळजीत एक छपरापुरता पत्रा कमी का पडला?

रागाने लिहीत नाही. आज चाकणला नोकरीला आहे, घर आहे, गॅलरीतून दोन तारे दिसतात, त्यातला एक बहुतेक विमान. पोराला मृग दाखवायचा म्हटलं तर गाडी काढून भीमाशंकरच्या बाजूला जावं लागतं. आकाश गेलं याचं वाईट वाटतं आणि कोपी सुटली याचं बरं वाटतं. एकाच वेळी.

पैनगंगा

@कोपीतला, तुमचा प्रतिसाद कालपासून डोक्यात आहे. फुकट हा शब्द मी मागे घेणार नाही, पण तो मी छपराखाली बसून लिहिला हे खरं.

पत्रा कमी का पडला याचं उत्तर आकाशात शोधायला मी तयार नाही. पत्रा आकाशातून यायचा नव्हता, तो कारखान्याने, मुकादमाने, सरकारने, आम्ही साखर खाणाऱ्यांनी द्यायचा होता. देवाने काळजी घेतली म्हणणाऱ्या माणसाने आधी त्याचा हिशेब द्यावा. सप्ताहात हे कुणी बोलत नाही, कारण सप्ताहाच्या पंगतीचा खर्च ज्यांच्याकडून येतो त्यांची नावं घ्यावी लागतील.

आणि तांडेलाची_नात यांनी लिहिलं त्यानंतर माझं म्हणणं थोडं आवळून मांडते. नेम ही देवाची काळजी आहे असं मी अजूनही मानते, पण ती वाट दाखवण्यापुरती. धोंडा अडवणारी, होडी तारणारी, पाऊस पाडणारी नव्हे. लोणारचा धोंडाही त्याच नेमाने पडला ज्या नेमाने कृत्तिका उगवतात. महाराजांनी गुरूला राखणदार केलं कारण त्यांना अशी काळजी हवी होती जी आपल्याला काहीच करू देणार नाही. मला तशी नको. मला तिकांडं वेळेवर हवं, दारं मी धरेन.

बांधावरून

दारं धरायला कधी येताय सांगा. गमबूट आणा.

वसईकर

@पैनगंगा, 'वाट दाखवण्यापुरती' यावर माझा आक्षेप आहे. मग आठवण ठेवण्याचं काय? वाट तर मैलाचा दगडही दाखवतो. मी ज्या देवाला मानतो तो कोपीतला यांना नावाने ओळखतो, त्या गाडीवर पडलेल्या पोराला ओळखत होता. हे मी आकाश दाखवून सिद्ध करू शकत नाही. पण हे काढून टाकलं तर उरतो तो फक्त चांगला अभियंता.

दुर्बीणवाला

चांगला अभियंता चालेल मला. तेवढ्यावर तडजोड करू.

वसईकर

तुमचं चालेल हो. तुम्ही दुर्बीण घेऊन बसता. रात्री दोनला ज्याला झोप येत नाही त्याला अभियंता पुरत नाही.

यारा_काठ

माझ्या मुलीला शेवटी दोन्ही गोष्टी सांगितल्या, ध्रुवाचीही आणि त्रिशंकूचीही. ती म्हणाली त्रिशंकूची जास्त आवडली, कारण त्याच्यासाठी कुणीतरी देवांशी भांडलं. @कोपीतला, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला, मराठी कळलं तेवढं.

कोपीतला

@पैनगंगा, उत्तर सरळ दिलंत, बरं वाटलं. @वसईकर, तुमच्या देवाने ओळखत असल्याचं तेव्हा कळवलं असतं तर बरं झालं असतं, पण तुमच्या बोलण्यात खोट वाटली नाही. @यारा_काठ, मुलीला सांगा, आमच्यासाठी भांडणारेही काही जण होते. साखरशाळेच्या बाई त्यातल्याच.

दुर्बीणवाला

@कोपीतला, एक विचारू का? आमच्या गटाकडे आठ इंचांची दुर्बीण आहे. शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये आकाशदर्शन करतो. कोप्यांवर कधी गेलेलो नाही, सुचलंच नाही. या हंगामात यायचं म्हटलं तर तुम्ही जोडून द्याल?

कोपीतला

देतो. माझा चुलतभाऊ अजून जातो तोडीला. संध्याकाळी सातला या, नऊच्या पुढे कुणी जागं राहत नाही, तीनला उठायचं असतं. नक्षत्रं शिकवायच्या भानगडीत पडू नका, ती त्यांना तुमच्याहून जास्त येतात. शनीची कडी आणि चंद्रावरचे खड्डे दाखवा, ते कुणी पाहिलेले नाहीत. भाषण नको. गाडी कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत येते, पुढे उसाच्या गाड्यांची वाट आहे, दुर्बीण उचलायला माणसं मिळतील.

बांधावरून

कुठला कारखाना? आमच्याकडचा असंल तर रात्रीची लाईट कधी हाय ते बघून सांगतो, मोटरवरचा बल्ब बंद ठेवतो त्या दिवशी.